सवलतीचे गाव

२०२५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वायव्येस असलेल्या हॅरो या उपनगरात, मुलीच्या घरी, आम्ही उभयता दोन महिने राहिलो. एका रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर टेबलावरील भांडी उचलली गेली आणि त्या जागी वही-पेन्सिल आली. पुढील शनिवारी बिस्टर व्हिलेजला जावयाचे होते आणि त्या दिवसाचा आराखडा तयार करावयाचा होता. जावयांनी गाड्यांच्या वेळा पाहिल्या. माझ्या पत्नीने डब्यात काय न्यावे याचा विचार सुरू केला. विहीणबाईही त्या वेळी तेथेच होत्या. त्या सातारा जिल्ह्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका. भाचरांनी निघताना दिलेली वस्तूंची यादी त्यांनी पर्समधून काढली. एक रिकामी चाकांची बॅग बरोबर असावी असे सर्वानुमते ठरले. मुलगी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही यायलाच हवं असं काही नाही. आणि आलात तर तिथं भाषण नको."

मी गेलो. भाषण केले नाही. ते येथे करीत आहे.

घरातील अशी गोष्ट या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या कार्यकर्त्यांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज पुण्यात, बंगळूरला, लंडनला किंवा न्यू जर्सीत नोकरी करतात आणि अशा खरेदीच्या सहली त्यांच्या आयुष्याचा भाग झाल्या आहेत. आपण त्यांना चंगळवादाचा दोष देतो, ती ऐकून घेतात आणि जावयाचे तेथे जातात. तीस-पस्तीस वर्षे मीही हेच केले. परंतु ज्या बाजाराला आपण नावे ठेवतो तो चालतो कसा, हे सांगण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतले आहेत.

बिस्टर हे ऑक्सफर्डशायरमधील जुने बाजारगाव. (इंग्रजी स्पेलिंगवरून हा उच्चार कोणाला सुचणार नाही.) त्याच्या कडेला १९९५ साली एका खासगी कंपनीने दुकानांची एक लांब गल्ली वसवली. ज्यांची मुख्य दुकाने लंडन, पॅरिस, मिलान येथील अतिमहागड्या रस्त्यांवर असतात अशा कंपन्यांची दीडशेच्या आसपास दुकाने येथे ओळीने उभी आहेत. उंची कपडे, चामड्याच्या पर्सेस, पादत्राणे, घड्याळे, असा सारा माल. मागील हंगामातील शिल्लक वस्तू मूळ किमतीपेक्षा साठ टक्क्यांपर्यंत कमी दराने मिळतील, असे आश्वासन. दुकानांची बांधणी लाकडी फळ्यांच्या बैठ्या घरांसारखी आहे. तीही इंग्लंडातील खेड्याच्या धर्तीवर नव्हे, तर अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील खेड्याच्या धर्तीवर. म्हणजे इंग्लंडच्या खेड्याशेजारी अमेरिकन खेड्याचे सोंग. या गावात कोणी जन्मत नाही, कोणी मरत नाही. येथे शाळा नाही, पार नाही, ग्रामसभेचा तर प्रश्नच नाही. संध्याकाळी दुकाने बंद झाली की गाव ओस पडते. याच कंपनीची अशी आणखी गावे पॅरिस, बार्सिलोना, माद्रिद, मिलान, डब्लिन, फ्रँकफर्ट, म्युनिक यांच्या आसपास आहेत. चीनमध्ये सुझौ आणि शांघाय येथे ती निघाली आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सीमेवर बेलमाँट पार्क येथेही निघाले.

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी लंडनच्या मॅरिलेबोन स्थानकापासून या गावाच्या दारापर्यंत थेट गाडी सुरू झाली. पूर्वी या जागी 'बिस्टर टाउन' नावाचे लहानसे स्थानक होते. ते नव्याने बांधून त्याला 'बिस्टर व्हिलेज' हे दुकानांच्या गल्लीचे नाव देण्यात आले. गाडी पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ घेते. स्थानकावर इंग्रजीबरोबर मँडरिन आणि अरबी भाषांतही सूचना दिल्या जातात. सार्वजनिक लोहमार्गावरील स्थानकाला बाजाराचे नाव मिळावे, आणि शेजारी शेकडो वर्षे नांदणाऱ्या गावाने आपली ओळख बाजूस सरकवून घ्यावी, हे पाहून मला प्रथम राग आला. नंतर वाटले, रेल्वेने निदान खरे ते सांगितले आहे: गाडीतील बहुतेक माणसे कोठे चालली आहेत ते.

त्या रात्रीच्या वहीत पाच माणसांचा हिशेब होता. हॅरोहून मॅरिलेबोनला जाणे, तेथून बिस्टर, आणि त्याच मार्गाने परत. मुलगी आणि जावई दोघेही नोकरी करणारे, म्हणून गर्दी नसलेला मधल्या वारचा दिवस आपोआपच बाद झाला, शनिवारच उरला. भाडे, चहापाणी, थालीपिठांचा डबा नेऊनही घ्यावे लागणारे दुपारचे काहीबाही, हे मिळून शंभर पौंडांच्या पुढे आकडा गेला. सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी साडेसहाला परत म्हणजे दहा तास, आणि माणसे पाच. पन्नास तास. वहीत पौंड लिहिले गेले, तास मात्र कोणी लिहिले नाहीत. ते मी समासात लिहिले, तेव्हा मुलीने माझ्याकडे पाहिले.

विहीणबाईंची समजूत अशी होती की, परदेशी प्रवाशाला वीस टक्के मूल्यवर्धित कर विमानतळावर परत मिळतो. एके काळी मिळत असे. ३१ डिसेंबर २०२० नंतर ग्रेट ब्रिटनमध्ये ही सोय बंद झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील सरकारने ती पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली आणि नव्या अर्थमंत्र्यांनी १७ ऑक्टोबरला ती मागे घेतली. यादीतील दोन वस्तू त्या रात्रीच खोडल्या गेल्या.

आता मुख्य प्रश्न. या कंपन्यांना शिल्लक मालच काढून टाकावयाचा असेल तर तो लंडनच्या बाँड स्ट्रीटवरील स्वतःच्या दुकानाच्या मागील खोलीत अर्ध्या किमतीला का विकला जात नाही? शंभर किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास कशासाठी?

याचे उत्तर बिस्टर वसण्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे एका फ्रेंच अभियंत्याने देऊन ठेवले आहे. ज्यूल द्यूप्वी हे त्याचे नाव. त्या काळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे आणि कंपन्यांना गरिबांचा इतका तिटकारा का, असा प्रश्न लोक विचारीत. १८४९ साली द्यूप्वीने दाखवून दिले की, छपराचा खर्च वाचवणे हा कंपनीचा हेतूच नाही, आणि गरिबाला भिजवण्यातही तिला रस नाही. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्यासाठी तिसरा वर्ग मुद्दाम त्रासाचा ठेवलेला असतो. भिजतो गरीब, पण भीती घालावयाची असते ती मध्यमवर्गीयाला. पुढे १९२० मध्ये पिगूने आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रात एकाच मालाचे गिऱ्हाइकांच्या ऐपतीप्रमाणे निरनिराळे भाव लावण्याच्या या व्यवहाराचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण केले. वर्गात मी ते वर्षानुवर्षे शिकवले. फळ्यावर दोन बाजारांच्या दोन रेषा काढल्या आणि घंटा झाली की पुसून टाकल्या.

बिस्टरचा प्रवास म्हणजे ते न घातलेले छप्पर. ज्याच्याजवळ पैसा आहे आणि वेळ नाही तो बाँड स्ट्रीटवर पूर्ण किंमत मोजतो. ज्याच्याजवळ पैसा बेताचा आहे तो आपला शनिवार मोजतो. वेळापत्रक पाहणे, डबा बांधणे, रिकामी बॅग ओढणे, मागील वर्षीचा रंग आणि शिल्लक राहिलेले माप यांवर समाधान मानणे, हे सारे त्या किमतीचेच हप्ते आहेत. चाळणीतून कोण खाली पडणार हे दुकानदाराला विचारावे लागत नाही; गिऱ्हाईक स्वतःच आपल्याला चाळून घेते आणि वर म्हणते, आज मोठी बचत झाली. सवलतीच्या मालाची विल्हेवाट अशी दूर लागते म्हणूनच बाँड स्ट्रीटवरची पूर्ण किंमत टिकून राहते.

चाळणी अपुरी पडली की काय होते, हेही जगाने पाहिले आहे. बर्बरी या ब्रिटिश कंपनीने २०१८ च्या आपल्या वार्षिक अहवालात आदल्या वर्षभरात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याची नोंद केली. कपडे, अत्तरे, सारे काही. गवगवा झाला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने ही पद्धत थांबवल्याचे जाहीर केले. मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, भाव सावरण्यासाठी ब्राझीलने कॉफी जाळली, ही गोष्ट आपल्या अभ्यासवर्गांतून तीन पिढ्यांनी ऐकली आहे. ती ऐकवताना आपण ती मंदीचा अपवाद म्हणून सांगत असू. तेजीच्या काळातही उघडे अंग झाकू शकेल असा कोट जाळणे एखाद्या कंपनीला फायद्याचे ठरते, हे सांगावयाचे राहून गेले. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने न विकलेला माल नष्ट करण्यास बंदी घातली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमात मोठ्या कंपन्यांना कपडे व पादत्राणे नष्ट करण्यास मनाई करण्याची तारीख १९ जुलै २०२६ ही ठरवली. बाजार आपणहून सुधारला असे येथे कोठेही घडलेले नाही.

कारखान्याच्या दारात माल स्वस्त मिळणे ही कल्पना मुळात वाईट नव्हती. अमेरिकेत, इंग्लंडात गिरण्या आणि जोड्यांचे कारखाने आपल्या कामगारांना खोट असलेला, उरलेला माल कमी दराने देत. पुढे शेजारपाजारचे लोकही तो घेऊ लागले आणि १९७० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील रेडिंगसारख्या गावी अशा दुकानांचे मोठे बाजारच झाले. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. माझे वडील परळच्या एका गिरणीत हिशेबनीस होते. दिवाळीपूर्वी ते गिरणीच्या दुकानातून फेंट आणीत, म्हणजे ताग्याचे उरलेले तुकडे. आम्हा तिघा भावांचे सदरे एकाच चौकड्याचे शिवले जात आणि उरलेल्या कापडाची उशीची खोळ होई. त्या कापडाची खोट दिसत असे: कोठे धागा तुटलेला, कोठे रंग उडालेला. स्वस्त का, याचे उत्तर कापडावरच होते, आणि ते विणणारा माणूस शेजारच्या खोलीत राहत असे.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्यांचे, गिरणीच्या जमिनीचे आणि १९९१ च्या त्या एकतृतीयांशाच्या नियमाचे काय झाले, २००१ च्या दुरुस्तीने तो कसा पोकळ केला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कशी उचलून धरली, हा इतिहास या पानाच्या वाचकांना पाठ आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज ज्या विदेशी नावांची दुकाने झळकतात त्यांतली कित्येक नावे मला बिस्टरच्या गल्लीत पुन्हा भेटली. एक फरक तेवढा: बिस्टरच्या मागे कोणतीही गिरणी कधी नव्हती. कारखान्याच्या दारातील दुकान म्हणून जे जन्मले त्याचे दार उरले आणि कारखाना गेला.

कारखान्याबरोबर खोटही गेली. तेथील मालात मला कोठेही तुटलेला धागा दिसला नाही. एका दुकानात विहीणबाईंनी एक पर्स उचलली. चिठ्ठीवर दोन किमती, वरची खोडलेली. आयुष्यभर चौथीच्या मुलांची गणिते तपासलेल्या त्या बाईंनी मला विचारले, "ही वरची किंमत कुणी दिलेली पाहिलीय का?" मी तोच प्रश्न इंग्रजीत विक्रेत्या मुलीला विचारला. ती प्रामाणिक होती. म्हणाली, हा नमुना लंडनच्या दुकानात नव्हताच, तो आमच्यासाठीच तयार होतो.

यात नवल नाही. अमेरिकेत जानेवारी २०१४ मध्ये सिनेटर शेल्डन व्हाइटहाउस, रिचर्ड ब्लुमेंथाल, एडवर्ड मार्की आणि प्रतिनिधी ॲना एशू यांनी तेथील संघीय व्यापार आयोगाला पत्र लिहून हीच शंका काढली होती: आउटलेटसाठीच हलक्या प्रतीचा माल वेगळा बनवावयाचा आणि जी किंमत कधी आकारलीच नाही तिच्याशी तुलना करून सवलत दाखवावयाची, हा प्रकार तपासावा. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून असा नियम लागू झाला की, सवलत जाहीर करणाऱ्याने त्यापूर्वीच्या किमान तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमतच आधार म्हणून दाखवावी. इंग्लंड तोवर संघाबाहेर पडले होते. विहीणबाईंनी पर्स जागेवर ठेवली. तिची उतरलेली किंमत सहाशे पौंड होती. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकवीस वर्षे व त्यावरील कामगाराचे कायदेशीर किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स होते. त्या हिशेबाने ती पर्स एकोणपन्नास तासांच्या मजुरीची.

मग पूर्ण किमतीत आहे तरी काय? याविषयी पूर्वी आपल्याला तर्क करावा लागे. आता न्यायालयाची कागदपत्रे आहेत. मिलानच्या न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अरमानी समूहाच्या आणि जून २०२४ मध्ये दिओरच्या एका उत्पादक कंपनीवर न्यायालयीन देखरेख बसवली. कंपन्यांवर स्वतः फौजदारी आरोप नव्हते. आपल्या कंत्राटदारांकडे लक्ष ठेवण्यात त्यांनी कसूर केली, असा ठपका होता. मिलानच्या आसपासच्या कारखान्यांत उपकंत्राटदारांचे कामगार, त्यांत कागदपत्रे नसलेले स्थलांतरितही, कामाच्या जागीच झोपत होते आणि काम भरभर उरकावे म्हणून यंत्रांची सुरक्षासाधने काढलेली होती. ज्या पर्सची दुकानातील किंमत २६०० युरो, ती घडवून देण्याबद्दल पुरवठादाराला ५३ युरो मिळत होते. या ५३ मध्ये कातड्याची किंमत धरलेली नाही, हे सांगणे न्याय्य होईल. पुढे कंपन्यांनी सुधारणा केल्या म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ही देखरेख मुदतीपूर्वी उठवण्यात आली. आकडा मात्र कागदावर राहिला. असे समजा की ती पर्स साठ टक्के सवलतीने १०४० युरोंना मिळाली. तरीही ती घडणावळीच्या एकोणीसपटीहून अधिक किमतीला पडली.

डॉ. लोहियांच्या दामनीतीत कारखानी मालाची विक्री-किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, अशी मागणी होती. १९६० च्या दशकात आमचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक तिला हसत असत. विद्यार्थी म्हणून ऐकीव माहितीवर मीही नंतर हसलो आहे. उत्पादनखर्चात काय धरावे, जाहिरात धरावी का, दुकानाचे भाडे धरावे का, हे प्रश्न खरे आहेत आणि लोहियांच्या एका वाक्याने ते सुटत नाहीत. पण दीडपटीला अव्यवहार्य म्हणणाऱ्या शास्त्राने एकोणीसपटीला बचत म्हणावे, याचे हसू आज कोणाला येत नाही.

भाड्याचे म्हणाल तर बिस्टरची व्यवस्था पाहण्याजोगी आहे. तेथे दुकानाचे भाडे विक्रीच्या प्रमाणात ठरते. जागामालक म्हणजे केवळ घरमालक उरत नाही, तो दुकानाचा भागीदार होतो. कोणते दुकान किती विकते यावर त्याची नजर असते आणि कमी विकणाऱ्याला तो फार काळ ठेवीत नाही. २०२४ मध्ये या कंपनीतील हॅमरसन या मोठ्या भागधारकाने आपला हिस्सा एल कॅटरटन या गुंतवणूकसंस्थेला विकला. ही संस्था २०१६ मध्ये उभी राहिली ती एल.व्ही.एम.एच. या समूहाच्या सहभागाने, आणि दिओर त्याच समूहातले. भाडेकरूंचा नातलग आता घरमालकांत आहे.

याच जून महिन्यात, म्हणजे आम्ही हॅरोला पोहोचण्याच्या थोडे आधी, २२ जून २०२५ ला प्रादाने मिलानच्या फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरी वहाणा मिरवल्या. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचेही नाही. ज्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जी महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरांची ठेव आहे, ती केवळ चामडी सँडल म्हणून मंचावर आली. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली, तिची माणसे कोल्हापूरला येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: दोन हजार जोड येथे बनवून फेब्रुवारी २०२६ पासून जगभर विकण्याची योजना, किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे ऐंशी हजार रुपयांहून अधिक. कोल्हापुरात चांगला जोड हजार-दीड हजारात मिळतो.

आपल्याकडील वृत्तपत्रांनी याचा विजयोत्सव केला. नाव मिळाले ही गोष्ट लहान नाही. चांभारवाड्यातील माणसाच्या हाताला शतकानुशतके नाव नाकारणाऱ्या समाजात तर मुळीच नाही. तरीही पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: त्या ८०० युरोंपैकी टाके घालणाऱ्याच्या हाती किती? आणि दोन हजारांपैकी काही जोड विकले गेले नाहीत तर ते कोणत्या गल्लीत, कोणत्या खोडलेल्या किमतीखाली येतील? बिस्टरलाही प्रादाचे दुकान आहे. आपल्या कोल्हापूर आणि मिरजेच्या कार्यकर्त्यांनी चर्मोद्योग महामंडळाकडून जोडामागील मजुरीचा आकडा मागून घ्यावा. मंत्र्यांचे सत्कार होतील तेव्हा होतील.

आता मुलीविषयी. तिने त्या दिवशी एक लोकरी कोट घेतला, मागील हिवाळ्यातला. ऑगस्टच्या उन्हात तो घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा मी विचारले, "घरी दोन कोट आहेत ना?" तिने मला जे सांगितले ते मी पूर्वी ऐकले नव्हते. ऑक्टोबरमध्ये तिची बढतीची मुलाखत होती. मागच्या वेळी मुलाखतीनंतर एका वरिष्ठ बाईंनी तिला सहज म्हणून सांगितले होते की, काम चांगले आहे, पण 'दिसण्या'कडे जरा लक्ष दे. "गोऱ्या मुलीनं जुना कोट घातला तर ती साधी," मुलगी म्हणाली, "मी घातला तर मी कालच बोटीतून उतरले."

मला उत्तर सुचले नाही. व्हेब्लेनने १८९९ मध्ये वरिष्ठ वर्गाच्या दिखाऊ उपभोगावर लिहिले ते मी अनेक वर्षे शिकवले. पण त्याच्या पुस्तकातला माणूस वर चढून मिरवतो. माझी मुलगी त्या कोटाने मिरवणार नव्हती, तिला दारातून आत येऊ द्यावे एवढेच तिला हवे होते. आपल्याकडे नोकरीच्या पहिल्या पगारातून इस्त्रीचा सफारी शिवणाऱ्या दलित तरुणाला आपल्याच काही खादीधारी मित्रांनी साधेपणाचे धडे दिले होते, ते मला त्या आरशासमोर आठवले. साधेपणा हा ज्याची प्रतिष्ठा आधीच मान्य झाली आहे त्याला स्वस्त पडतो. हे न ओळखता आपण उपभोगावर टीका करू तर ती नेमकी ज्यांच्या बाजूने उभे राहावयाचे त्यांनाच टोचेल.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, जाणाऱ्याला अडवू नये. भांडण किमतीशी करावे. खोडलेली किंमत पूर्वी खरोखर आकारली गेली होती काय, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असावी. आउटलेटसाठी वेगळा बनवलेला माल तसा आहे हे त्याच्या चिठ्ठीवर छापलेले असावे. आपल्याकडे बंद वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते हे चांगलेच आहे, पण ती कितीही फुगवून छापण्यास आडकाठी नाही. मग तिच्यावर 'पन्नास टक्के सूट' देणे सोपेच. पुण्या-मुंबईच्या महामार्गांवर जी 'फॅक्टरी आउटलेट' अशा पाट्यांची दुकाने दिसतात त्यांच्या मागे कोणती फॅक्टरी आहे हे ग्राहक-पंचायतीच्या कामातील मित्रांनी एकदा विचारून पाहावे. आणि पुरवठा-साखळीच्या टोकाशी काय घडते याची जबाबदारी वरच्या कंपनीवर टाकणारा कायदा फ्रान्सने मार्च २०१७ मध्ये केला, तो आपल्या कामगार संघटनांनी वाचावा. मराठीत त्याचे सार कोणी करून दिले तर या पानावर त्याला जागा असावी अशी विनंती मी संपादकांना केली आहे.

परतीच्या गाडीत बसावयास जागा मिळाली नाही. फलाटावर आणि डब्यात त्या कागदी पिशव्या घेतलेली माणसे दाटून उभी होती. त्यांत चिनी विद्यार्थी होते, आखाती देशांतील कुटुंबे होती, दोन गुजराती जोडपी होती, आणि काम संपवून लंडनकडे निघालेल्या काही विक्रेत्या मुली होत्या, ज्यांच्या हातात पिशवी नव्हती. विहीणबाईंनी भाचीसाठी एक मफलर घेतला होता. माझ्या पत्नीने काहीच घेतले नाही, परंतु दिवस छान गेला असे ती म्हणाली, आणि ते खरेच होते. मॅरिलेबोन येईपर्यंत जावयांनी वहीत खर्चाची बेरीज केली. कोट आणि मफलर यांवर एकूण 'बचत' एकशे पंच्याण्णव पौंड झाली. भाडे आणि खाणे एकशे अठरा. मुलीने वही घेतली आणि समासात मी लिहिलेल्या पन्नास तासांखाली स्वतःच एक रेघ ओढली. उरलेल्या सत्त्याहत्तर पौंडांना पन्नासाने भागून तिने उत्तर लिहिले: ताशी एक पौंड चोपन्न पेन्स.

ती वही आता माझ्याजवळ आहे. पुढील अभ्यास-शिबिरात किमतीवरचे सत्र घ्यावयाचे ठरले आहे. तेथे ती मी आणणार आहे. ज्या शाखांना आपल्या गावच्या 'महासेल'चा असाच हिशेब मांडून पाहावयाचा असेल त्यांनी त्यापूर्वी तो करून आणावा, आणि तासांचा रकाना विसरू नये.